तात्यांच्या पानावर

भजी तळून झाली, कढीला दोनदा उकळी येऊन गेली, खिरीवर साय धरली, तरी कडुबांचा पत्ता नव्हता. कन्नडहून सकाळी सुटलेली त्यांची एसटी दौलताबादच्या वेशीत अडकली होती म्हणे. पुढं मक्याचा ट्रक फसला होता आणि मागं गाड्यांची रांग. आशाबाईंनी पदराला हात पुसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते पुढे असेल म्हणून मोबाईलमध्ये पाहिलं. दोघांचं एकमत होतं, बारा वाजून गेले होते.

आज तात्यांचं पित्तर होतं. सासऱ्यांना जाऊन हे तिसरं वर्ष. निकमांच्या घरात पितृपक्षातलं जेवण म्हणजे नुसतं पान वाढून कावळ्याला हाका मारणं नव्हे. गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, त्याला गेलेल्याच्या नावानं हाक मारायची आणि तो पोटभर जेवून उठेपर्यंत घरातल्या कुणीही उंबरा ओलांडायचा नाही. गाव सोडून सिडकोत घर बांधलं, खाली फरशी आली, वर गच्ची आली, तरी हे सुटलं नव्हतं. तात्यांच्या पानावर बसायचे ते त्यांचे लहानपणापासूनचे सोबती कडुबा. दुसऱ्या कुणाला बसवायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे.

एरवी आशाबाईंची या रीतीबद्दल काही तक्रार नव्हती. पण आज त्यांच्या अपेक्षाला जालन्याला पोचायचं होतं. दुसऱ्या यादीत तिला तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती, एमबीबीएसची, आणि मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला तिथलं काम बंद. मग आधीचे दिवस कुठं गेले, असं कुणी विचारील. ते काकासाहेबांनी खाल्ले.

काकासाहेब म्हणजे आशाबाईंचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. मोंढ्याच्या बाजारात बियाण्यांचं दुकान आणि घरातला शेवटचा शब्द, दोन्ही त्यांच्याकडे. यादी लागली त्या दिवशी गल्लीभर पेढे त्यांनीच वाटले आणि त्याच तोंडानं सांगितलं, की पक्षात नवं काम नाही. घटस्थापनेला हलगी लावून सगळे मिळून जालन्याला जाऊ. मुंबईत त्यांच्या ओळखीचा कुणी होता. तारीख वाढणारच, दरवर्षी वाढते, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हापासून घरातला जो तो उठता बसता मोबाईल उघडून ती वाढलेली तारीख शोधत होता. ती काही सापडत नव्हती. आणि घरातली झाडून सगळी कागदपत्रं, सातबाऱ्यापासून अपेक्षाच्या गुणपत्रिकांपर्यंत, काकासाहेबांच्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला.

आशाबाईंनी सरळ जाऊन किल्ली मागावी, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या भासऱ्यांशी एक शब्दही थेट बोलल्या नव्हत्या. आजच्या काळात हे हसण्यासारखंच, आणि अपेक्षा हसायचीही. पण जे सांगायचं ते नवऱ्याला सांगावं आणि नवऱ्यानं ते पोचवावं, अशी वहिवाट पडून गेली होती. नवरा म्हणजे सोमनाथराव. जिल्हा परिषदेत नोकरी, आणि स्वभाव असा की समोरच्यानं 'हं' म्हटलं तरी यांना ते 'नाही' ऐकू यावं. सकाळपासून आशाबाईंनी त्यांना किती वेळा बैठकीत ढकललं, आणि प्रत्येक वेळी ते दादांशी पाऊसपाण्याचं बोलून परत आले.

"इचारलं का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"इचारतो ना. त्यांचा फोन चालू हाय."

"फोन सकाळपासून चालू हाय. पाच वाजेपर्यंत चालूच राहील."

"दादा म्हणतेत, वाढंल तारीख."

"आन् नाय वाढली तर?"

सोमनाथरावांनी परातीतलं एक भजं उचललं, पित्तर जेवायच्या आधी खायचं नाही हे आठवलं आणि परत ठेवून दिलं. तेवढंच त्यांचं उत्तर.

सिल्लोडहून आदल्या दिवशीच आलेल्या गिरजाआत्या अळूची पानं गुंडाळत बसल्या होत्या. या सोमनाथरावांच्या मोठ्या बहीण. सकाळी त्या पूर्ण काकासाहेबांच्या बाजूच्या होत्या. गावात कुणीसा पक्षात ट्रॅक्टर घेतला आणि तो पहिल्याच दिवशी नाल्यात कसा गेला, हे त्यांनी साग्रसंगीत सांगून झालं होतं. पण आतल्या खोलीत भाची इस्त्रीचा ड्रेस घालून, पिशवी मांडीवर घेऊन, न रडता न बोलता बसलेली पाहिली आणि त्या विरघळल्या. आता त्यांचं म्हणणं पडलं, की गणपतीतच हिचा पस्ताना ठेवायला हवा होता. चांगल्या दिवशी हिचा एक कपडा नि नारळ शेजारच्या घरी नेऊन ठेवला असता, तर हिचं निघणं तेव्हाच झालं असतं आणि आज कुणाचा काही दोष राहिला नसता. गणपतीत यादीच लागली नव्हती, हे आशाबाईंनी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. आत्या म्हणाल्या, तेही खरंच.

अपेक्षानं स्वतः काकासाहेबांना एकदा समजावून पाहिलं होतं. ही फेरी सोडली तर पुढच्या फेरीत आपल्याला बसू देत नाहीत, असं ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, पुढच्या फेरीत इथल्या घाटीच्या सरकारी कॉलेजात नंबर लागंल, घराजवळ. तिनं तेच वाक्य सावकाश पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घाटीचंच बोलत राहिले.

या पोरीचं डॉक्टर होणं घरात कुणाच्या गावीही नव्हतं. नववीला तिला विज्ञानात अडतीस पडले होते, दहावीला त्याहून थोडे बरे. शाळेत सर प्रश्नोत्तरं लिहून देत, मुलांनी ती घोकायची. अपेक्षाला घोकलेलं सकाळी आठवत नसे. तात्यांनी नववीलाच निकाल देऊन टाकला होता, की हिला कलाशाखेत टाका आणि शिवराजला लातूरला पाठवा. शिवराज म्हणजे काकासाहेबांचा मुलगा, तिच्याहून एका वर्षानं मोठा. त्याला दहावीला त्र्याण्णव टक्के होते आणि त्याचा फोटो क्लासच्या बोर्डावर झळकला होता. शिवराज लातूरला गेला. अपेक्षानं मात्र हट्टानं विज्ञानाला नाव घातलं, आणि तो हट्ट तिचा कमी, तिच्या आईचा जास्त होता.

कारण आशाबाईंना एक गोष्ट ठाऊक होती. पोरीला पाठ होत नव्हतं, पण कळत होतं. त्या पोळ्या लाटत असताना ती ओट्याला टेकून धडा सांगायची. आशाबाई आठवीपर्यंत शिकलेल्या. त्या मध्येच विचारायच्या, मग त्या रक्ताचं पुढं काय होतं? पोरगी अडली की पुस्तकाकडे पळायची आणि उत्तर घेऊनच परत यायची. अशी किती पिठं मळली गेली याचा हिशेब नाही. पहिल्या नीटला ती साफ आपटली, दुसऱ्या वेळी थोडक्यात हुकली, तिसऱ्या वेळी लागली. लातूरला गेलेला शिवराजही तीनदा बसला होता. तो आता मोंढ्यात दुकानावर बसतो आणि बापाशी बियाण्यांच्या पिशव्यांपलीकडे काही बोलत नाही.

त्यामुळे आशाबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती, ती अशी: पितृपक्ष हा नुसता बहाणा आहे. भासऱ्यांना आपल्या पोराचं अपयश गिळता येत नाही, म्हणून ते माझ्या पोरीच्या आड येतायत. हे त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. पण कढी ढवळताना तो विचार पुन्हा पुन्हा वर येत होता.

कडुबा आले ते एक वाजता, घामाघूम. एसटी नाही सुटली तेव्हा उतरून दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून आले होते बिचारे. काकासाहेबांनी दारातच त्यांचे पाय धुतले, सोमनाथरावांनी पुसले. नवी टोपी, नवं उपरणं झालं. म्हातारा मुळात भिडस्त. नव्या टोपीत तर आणखीच अवघडला. "तात्या, बसा," काकासाहेब म्हणाले, आणि कडुबा तात्या होऊन पाटावर बसले.

मग वयाच्या क्रमानं नमस्कार सुरू झाले. काकासाहेब, त्यांची बायको, आत्या, सोमनाथराव. प्रत्येक जण वाकून म्हणायचा, तात्या, लक्ष असू द्या, आणि कडुबा प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून पुटपुटायचे, सुखी राहा. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, दरवर्षी असतं. बापावर त्यांचा फार जीव होता. पान वाढलं गेलं. शेवटी आशाबाई खिरीचं पातेलं खाली ठेवून पुढं झाल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पायांवर डोकं टेकलं. ते त्यांनी उचललं नाही.

"तात्या, एक मागणं हाय," त्या म्हणाल्या.

पित्तराजवळ सुनेनं काही मागू नये असा कुठं नियम नव्हता. मागायचं कुणाला सुचलं नव्हतं, इतकंच. भासऱ्यांशी बोलायची बंदी होती, पाटावरच्या तात्यांशी नव्हती. आशाबाईंना तरी हे कुठं आधी सुचलं होतं? पायांवर डोकं ठेवल्यावर सुचलं.

"तुमच्या नातीला आज जालन्याला जायचंय. आत्ता निघाली तर पोचंल. तुमी व्हय म्हणा. तुमी म्हणलं तर कुणी आडवं येणार नाय."

कडुबांचा पहिला घास हातातच राहिला. त्यांनी एकदा काकासाहेबांकडे पाहिलं, एकदा दारात येऊन उभ्या राहिलेल्या अपेक्षाकडे. गिरजाआत्यांनी हळूच मान हलवली, म्हणा, म्हणून. एक शब्द होता, म्हणून टाकला असता तर झालं असतं. पण कडुबांनी घास पानात ठेवला.

"सूनबाई, पानावर बसून खोटं कसं बोलू?" ते म्हणाले. "तात्या नाय म्हणला असता. पोरीला अडतीस पडले तवा पारावर माझ्यापाशी बोलला होता. म्हणला, डॉक्टर व्हईल तर शिवराजच. ही पोरगी त्यातली नाय. आन् पक्षात तर त्यानं बैल बी इकला नाय कदी. मला जे ठावं हाय ते सांगितलं. राग नका धरू."

काकासाहेब कुणाकडेही न बघता एवढंच म्हणाले, की ऐकलं ना सगळ्यांनी, आता पित्तराला जेवू द्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, पण विषय मिटल्याचा होता. सोमनाथराव भिंतीला टेकले. अपेक्षानं हातातली पिशवी जमिनीवर ठेवली, आणि ते ठेवणं आशाबाईंना बघवलं नाही.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"तात्या, तुमाला अडतीस ठावं हायेत. त्याच्या पुढचं ठावं नाय. ते बघायला तुमी राह्यला नाय, त्यात तुमचा दोष नाय. पण म्या बघितलंय. रोज बघितलंय." त्यांचा आवाज कापत होता, तो त्यांनी कापू दिला. "म्हणून आज म्या तुमचं ऐकायची नाय. पाप लागलं तर मला लागू द्या."

आणि मग त्या वळल्या आणि जे आजवर कधी घडलं नव्हतं ते घडलं. "दादा," त्या भासऱ्यांना म्हणाल्या, "कपाटाची किल्ली द्या."

आता दादा घर डोक्यावर घेणार, या भीतीनं सोमनाथराव दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. पण काकासाहेब ओरडले नाहीत. ते खाली बसले, तिथंच, पाटासमोर.

"तुमाला काय वाटतं, मला पोरीचं वाईट करायचंय?" ते म्हणाले. "लातूरला म्या नेलं होतं शिवराजला. भर अमावस्येला. तात्या नको म्हणले होते. मला घाई, बॅच भरंल म्हणून. त्यांचं न ऐकता गाडी काढली, आन् तिथंच पोराचा घात झाला. एक लेकरू म्या माझ्या हातानं वाया घालवलं. दुसरं बी घालवू?"

आशाबाईंना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. इतके दिवस ज्या माणसाला त्या मत्सरी समजत होत्या, तो नुसता भ्यालेला होता, आणि भ्यालेला होता तो त्यांच्याच पोरीपायी. त्यांना स्वतःची शरम वाटली. पण शरमेनं जालन्याचा रस्ता काही कमी होत नव्हता, आणि अशा भीतीला काय उत्तर द्यायचं, ते त्यांना सुचेना.

उत्तर दिलं शिवराजनं. तो इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होता.

"आबा, अमावस्येचा काई संबंध नाय."

"तू गप बस," काकासाहेब म्हणाले.

"तीन वर्षं गपच हाय." तो उठून खाली आला. "मला ते कदी कळलंच नव्हतं, आबा. दहावीला सरांनी लिहून दिलेलं पाठ केलं, तसंच्या तसं उतरवलं, पडले त्र्याण्णव. लातूरला प्रश्न फिरवून इचाराया लागले, तवा मला कायच येईना. सगळ्यात मागं बसायचो. तुमी दर रविवारी फोन करायचा, कसं चाललंय, म्या म्हणायचो मस्त. पुनमेला नेलं असतं तरी हेच झालं असतं."

काकासाहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"आन् हिचं म्हणाल," शिवराजनं अपेक्षाकडे हात केला, "ही मागच्या साली दुकानात यायची डबा घेऊन. एकदा माझं ते फिजिक्सचं पुस्तक रद्दीत बघून उघडून बसली आन् मला एक गणित समजावून दिलं. दोन वर्षं जे कळलं नाय ते बियाण्याच्या पोत्यावर बसून कळलं. हिचा दिवस बघू नका तुमी. हिला फक्त पोचवा."

कडुबा पानासमोर हात आखडून बसले होते. पित्तरानं अशा वेळी काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. काकासाहेब गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आतल्या खोलीत गेले. किल्ली करदोट्याला बांधलेली, म्हणून कपाट उघडायला त्यांना नेहमीच कपाटाला पोट लावून उभं राहावं लागे. तसे ते उभे राहिले. दोनदा किल्ली भोकात बसेना, तेव्हा अपेक्षानंच पुढं होऊन ती त्यांच्या हातातून फिरवली. फाईल काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग एकच धावपळ उडाली. फोटो घेतले का, आधारकार्ड कुठंय, गाडीत डिझेल आहे का. अपेक्षासोबत बाप हवा म्हणून सोमनाथराव, गाडी चालवायला शिवराज. आशाबाईंना वाटलं, निदान चार वडे बांधून द्यावेत. पण पित्तराच्या आधी अन्न बाहेर कसं काढणार? एवढं मोडलं तेवढं पुरे, असं त्यांच्याच मनानं घेतलं. तिघं उपाशी निघाले. उंबऱ्याशी सोमनाथराव थबकले, पाटावरच्या कडुबांकडे वळून त्यांनी हात जोडले आणि पाय बाहेर टाकला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दादांची परवानगी विचारली नव्हती. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत आशाबाई दारात होत्या.

आत येऊन त्यांनी कडुबांच्या पानात गरम कढी वाढली. "जेवा, तात्या," त्या म्हणाल्या.

"मला अजून तात्या म्हणता व्हय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पानावरून उठेपर्यंत तुमीच तात्या. भांडण झालं म्हणून सासरा बदलत नाय."

कडुबा जेवले, आणि चांगलं जेवले. त्यानंतर बाकीच्यांची पानं झाली. गिरजाआत्या आता म्हणू लागल्या होत्या, की त्यांना पहिल्यापासून वाटतच होतं पोरीला पाठवावं. बदनापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, असं कुणाकडून तरी कळलं. मुंबईच्या माणसाचा फोन आला. तारीख वाढली नव्हती, पण वाढू शकते, असं तो म्हणाला. काकासाहेबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग तोच फोन गुडघ्यावर घेऊन ते खुर्चीत बसून राहिले. आशाबाई भांडी घासायला बसल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिल्या. पोचले असतील. रांग असेल. एखादा दाखला कमी पडला असेल. फाटकच बंद झालं असेल. मनाला काही बांध राहिला नव्हता.

उन्हं उतरायला लागली तेव्हा फोन वाजला. शिवराजचा होता. आशाबाई ओल्या हातानंच स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"हां बोल," काकासाहेब म्हणाले. मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे मिटले. "झालं व्हय. नाव लागलं. बरं. बरं झालं."

आशाबाईंनी फोन घ्यायला हात पुढं केला. तिचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना खरं वाटणार नव्हतं. काकासाहेबांनी तो हात पाहिला आणि मान हलवून थांबा म्हटलं.

"तिला सांग, तिची आई हितंच उभी हाय, देतो," ते फोनमध्ये म्हणाले. "आधी तू सांग. तू काई खाल्लं का नाय दिवसभर?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "नाय ना? मला ठावं हाय तुजं. लातूरला बी असाच उपाशी राहायचास का रे?"

पलीकडून शिवराज बोलत होता, आणि थांबत नव्हता. काकासाहेब फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होते, हां बाबा, हां बाबा, एवढंच म्हणत. आशाबाईंनी हात मागं घेतला, पदराला पुसला आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना आता काही घाई नव्हती.